मावुसोला घरी आणताना

"फिनियस मावुसो, ऊठ. घरी जायचंय."

लाझ्वाने नावाची म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली. समोर सिमेंटने बुजवलेलं खाणीचं तोंड होतं. त्यावर कुणीतरी चुन्याने आकडा लिहिला होता आणि आकड्याखाली एक पाल ऊन खात पडली होती. लाझ्वानेच्या पायात चपला नव्हत्या. हातात रानबोरीची ताजी फांदी होती, कमरेएवढी लांब, काटे न काढलेली. ती तिने सिमेंटला टेकवली आणि हळूच हलवली, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला धरून हलवावं तशी.

मागे पिकअपच्या दाराशी तिचा मुलगा सबेलो टोपी काढून उभा होता. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या तोंडून बापाचं नाव तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. त्यांच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. लाझ्वाने जन्मभर "सबेलोचा बाप" म्हणाली, फार तर रागाच्या भरात नुसतं आडनाव, "मावुसो." पण मेलेल्याला पुऱ्या नावाने हाक मारावी लागते. त्या डोंगरात काय एकटा सबेलोचाच बाप गाडलेला आहे?

ज्याचं मरण घरापासून लांब झालं त्याला असं बोरीची फांदी घेऊन आणायला जावं लागतं. जिथे तो पडला तिथे फांदी टेकवायची, नावाने उठवायचं आणि घेऊन निघायचं. वाटेत वळण आलं की सांगायचं, पूल आला की सांगायचं, नाहीतर तो चुकतो. आणि ज्याच्या हातात फांदी त्याने घर येईपर्यंत जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं तर मेलेल्याला वाटतं, हिचं आता माझ्याकडे लक्ष नाही. तो तिथेच थांबतो.

खाण घरापासून लांब, सरहद्दीपलीकडच्या देशात; तिला कंपनीने काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. कामगार तिला बेडकीण म्हणायचे, कारण तिच्या पोटात बारा महिने पाणी. छत्तीस वर्षांपूर्वी आतलं छत बसलं आणि तिघं जण त्याखाली राहिले. कंपनीने तोंड बुजवलं, मावुसोची कपड्यांची पत्र्याची पेटी घरी पाठवली, आणि पुढे दहा-बारा वर्षांत सोनं संपलं तशी कंपनीही गेली.

इतकी वर्षं लाझ्वाने आली नाही. एका वर्षी मका काढायचा राहिला होता, एका वर्षी सुनेचं बाळंतपण, मग रोगराईत सरहद्दच बंद. खरं तर आणायला जायचं काम धाकट्या दिराचं, हेझेकिएलचं. पण त्याचा गुडघा. विषय निघाला की गुडघा सुजायचा. ह्या वर्षी मात्र लाझ्वानेने गुरांच्या गोठ्यामागे स्वतःला पुरायची जागा बघून ठेवली, आणि शेजारची जागा रिकामी बघून तिला काही चैन पडेना. "मी तिथे पडून बोलू कुणाशी?" ती म्हणाली. "मुंग्यांशी?"

"तू जाणार?" हेझेकिएल काठीवर रेलून हसला होता. "इतके तास गप्प? लाझ्वाने, तू झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असतेस."

"तुझा गुडघा बरा असता तर तू गेला असतास. मग बस त्याला कुरवाळत."

अशी ती. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ, डोक्याला घट्ट रुमाल, अंगावर शाल. तिच्या वयाच्या साऱ्या बायका कमरेला एप्रन बांधतात. लाझ्वाने बांधत नाही. चुलीची काजळी, मक्याचं पीठ, सगळं सरळ झग्यावर. "माज आहे," बायका म्हणतात. म्हणू देत.

फांदी घेऊन ती पिकअपमध्ये बसली. तिघांची सीट होती. फांदी तिने मधे उभी केली आणि सबेलोकडे बघितलं. सबेलोने काही न विचारता मधला पट्टा ओढून फांदीला लावला.

"मावुसो, गाडीत बसलोय," लाझ्वाने म्हणाली. "तुझा मुलगा चालवतोय. तू गेलास तेव्हा तो शेळ्या राखायचा. आता शाळेच्या पोरांना ने-आण करतो. चालवतो बरी, फक्त हळू."

रस्ता चढायला लागला. खाणीजवळचं बार्बर्टन गाव खाली राहिलं. एकेका वळणावर डोंगर बाजूला सरायचा आणि मागे दुसरा उभा असायचा, हिरवा, उन्हात चमकणाऱ्या गवताचा. दरीत जुन्या खाणींची भोकं दिसत होती, त्यांच्याखाली उपसलेल्या मातीचे पिवळट ओघळ. टेकडीच्या धारेवर लोखंडी मनोरे उभे होते. त्यांच्यावरून पूर्वी दोरावर पाळणे जायचे, दगड घेऊन. आता दोर नाहीत. मनोरे नुसतेच उभे, निरोप पोचला नाही अशा पहारेकऱ्यांसारखे.

"डावीकडे वळतोय, मावुसो. उजवीकडे दरी आहे, बघू नकोस, तुला चक्कर येते. आता उजवीकडे. आता पुन्हा डावीकडे. देवा, ज्याने हा रस्ता केला तो प्यालेला असणार."

सबेलो हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ओठ मिटले.

पण लाझ्वानेला वाट सापडली होती. जिवंताशी बोलायचं नाही, कबूल. मेलेल्याशी काय बोलायचं ते कुणी ठरवून दिलं नव्हतं.

"मावुसो, तुझ्या मुलाला कुणी सांगेल का, की ह्या चढाला दुसरा गिअर लागतो?"

"दुसराच आहे," सबेलो समोर बघत पुटपुटला.

"मावुसो, मला कसला तरी आवाज आला. वारा असेल. त्याच्या बायकोबद्दलही तुला सांगायचंय, पण ते सावकाश. मक्याच्या उकडीत मीठ घालत नाही. मी गेल्यावर हा मुलगा अळणी खाऊन मरणार आहे."

असं तिने तासभर चालवलं. गावातली मेलेली आणि जन्मलेली सांगितली. दुष्काळ सांगितला. हेझेकिएलचा गुडघा सांगितला, त्यावर जरा जास्तच वेळ घेतला. बोलता बोलता मधेच गप्प व्हायची, फांदीकडे बघायची, काहीतरी ओठांपर्यंत यायचं, आणि मग ती म्हणायची, "डावीकडे वळतोय."

घाटमाथ्याच्या अलीकडे गाडी तापली. सबेलोने ती कठड्याशी घेतली, बॉनेट उघडलं. तिथे प्रवाशांसाठी बाकं होती आणि दगडांची माहिती लिहिलेला फळा होता. हे दगड फार फार जुने, माणूस नव्हता तेव्हाचे. बघायला लोक विमानाने येतात. लाझ्वानेला वाचता येत नव्हतं, पण फळ्यावर कशाचं चित्र आहे ते तिला कळलं.

"बघ मावुसो," ती म्हणाली. "ज्या दगडाखाली तू गेलास त्याला आता नाव लावलंय."

एक गोरी बाई गळ्यात कॅमेरा अडकवून जवळ आली आणि हसून काहीतरी विचारू लागली. लाझ्वानेने फांदी छातीशी धरली.

"मावुसो, ही फोटो काढू का विचारते आहे. तिला म्हणावं, आधी केस विंचरून ये, मग माणसांत फिर."

बाईने आशेने सबेलोकडे बघितलं.

"आई म्हणते, नको," सबेलो म्हणाला.

सरहद्दीच्या अलीकडच्या चौकीवर काही झालं नाही. खिडकीतल्या बाईने फांदी बघितली, ती उभी राहिली आणि तिने शिक्के मारले. पलीकडची चौकी आपल्याच लोकांची. म्हणून लाझ्वाने निर्धास्त होती. तिथेच अडलं.

अधिकारी कोवळा होता, तिशीचाही नसेल, इस्त्रीचा गणवेश आणि नवं घड्याळ. त्याने फांदीकडे बोट केलं.

"हे काय?"

"बोर आहे," सबेलो म्हणाला.

"बोर आहे ते मलाही दिसतंय. परवाना? झाडपाला आत आणायला परवाना लागतो. कीड येते."

"साहेब, ती... म्हणजे माझे वडील..."

"गोगो, आजी," अधिकारी थेट लाझ्वानेकडे वळला, "हे कुठून तोडलं?"

लाझ्वानेने त्याच्या डोक्यावरून समोरच्या डोंगराकडे बघितलं.

"गोगो, मी बोलतोय."

"ती बोलणार नाही," सबेलो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो असाच. गावात भांडण झालं तर हा कुंपण दुरुस्त करायला जायचा. बोलायचं काम घरात नेहमी आईचं. "साहेब, तुम्हाला माहीत आहे, फांदी म्हणजे... आम्ही आणायला गेलो होतो..."

"मला सगळं माहीत आहे. माझ्या आजोबांनाही असंच आणलं. पण वरून हुकूम आहे, गेल्या महिन्यात आलाय. आज ही फांदी सोडली तर उद्या दुसरा संत्र्याची कलमं आणेल आणि म्हणेल, माझी आत्या आहे." त्याने कागद पुढे सरकवला. "फांदी इथे ठेवा, पलीकडे गेल्यावर दुसरी तोडा. बोरी काय कमी आहेत?"

सबेलो कागदाकडे बघत राहिला.

"काय रे," अधिकारी त्रासून म्हणाला, "एवढा घोड्यासारखा माणूस, स्वतःच्या बापासाठी दोन शब्द बोलवत नाहीत? असा कसा भित्रा तू?"

"भित्रा कुणाला म्हणतोस?"

लाझ्वानेने टेबलावर पंजा आपटला होता. शिक्क्याची डबी उडून खाली पडली.

"हा भित्रा नाही! ह्याचा बापही भित्रा नव्हता! तुझ्या तोंडाला इस्त्री केली नाही वाटतं कुणी, नुसत्या शर्टाला केली? छत्तीस वर्षं तो त्या डोंगरात बिनपरवान्याचा पडलाय, तेव्हा नाही कुणी कागद मागितला! बघ, कीड बघ! घे, मोज काटे!"

तिने फांदी त्याच्या नाकासमोर धरली. अधिकारी खुर्चीसकट मागे सरला. मग त्याने खाली वाकून डबी उचलली, दोन्ही पासपोर्टांवर शिक्का मारला आणि हाताने बाहेरची वाट दाखवली.

अडसर वर झाला. पिकअप पुढे निघाली. इकडचा रस्ता मातीचा. धुळीचा लोट मागे उठला. आईने साहेबाला झापल्याचं हसू सबेलोच्या चेहऱ्यावर अजून होतं.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. ओढ्यावरचा लाकडी पूल आला, फळ्या खडखडल्या, पूल गेला.

"मा," सबेलो म्हणाला, "पूल सांगितला नाहीस."

लाझ्वाने समोर बघत होती. तिचा उजवा हात फांदीवर होता आणि बोटं अशी आवळलेली की काटे आत गेले होते.

सबेलोचं हसू उतरलं. त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "फक्त त्या पोराने ऐकलं. काकाला कोण सांगणार? मी नाही सांगणार." आणि थोड्या वेळाने, "मा, फांदी तर आली ना. घरी सगळे वाट बघतायत. शेळी बांधून ठेवलीय."

खरंच होतं. लाझ्वानेने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. फांदी घरात ठेवली असती, शेळी कापली असती, गोठ्यामागे शेजारी दगड रचले असते. सगळ्यांनी म्हटलं असतं, लाझ्वानेने करून दाखवलं. एखादी गोष्ट पोटात ठेवायची कशी, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. छत्तीस वर्षांची सवय होती.

"गाडी फिरव," ती म्हणाली.

"मा, चौकी चारला बंद होते. खाणीपर्यंत परत..."

"खाणीपर्यंत नाही. तो चौकीपर्यंत आला होता. मीच त्याला तिथे टाकलं. फिरव."

चारच्या ठोक्याला ते परत चौकीशी आले. अडसर खाली पडला होता. अधिकारी दाराला कुलूप लावत होता. पिकअप बघून त्याचा हात थांबला. लाझ्वाने उतरली, चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि अनवाणी, फांदी घेऊन, अडसरापाशी जाऊन उभी राहिली. सबेलो दोन पावलं मागे थांबला. वारा होता, पण तिचा आवाज ऐकू येत होता. तिचा आवाज कधी ऐकू आला नाही असं झालंच नव्हतं.

"फिनियस मावुसो. मी तुला इथे सोडलं. बोलायचं नव्हतं, बोलले. माझं तोंड तुला ठाऊक आहे. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

ती थांबली. फांदीची टोकं खाली धुळीला लागत होती.

"मी सगळ्यांना सांगितलं, खाणीने बोलावलं म्हणून तू सुट्टी अर्धी सोडून गेलास. खाणीने नव्हतं बोलावलं. तू म्हणालास, आतली लाकडं कुजलीत, छत रोज कुरकुरतं, मी आता जात नाही. घरी राहतो, मका लावतो. आणि मी काय केलं? भर अंगणात, तुझ्या भावासमोर, कमरेचा एप्रन सोडला आणि तुझ्या खांद्यावर टाकला. म्हटलं, हा बांध, भित्र्या, चुलीशी बस. खाणीत मी जाते. तुझा भाऊ हसला. तू एप्रन काढलास आणि त्याची घडी घातलीस. नीट चार घड्या घालून माझ्या हातात दिलास. आणि सकाळी गेलास."

सबेलोने टोपी दोन्ही हातांत धरली होती.

"एकविसाव्या दिवशी छत बसलं. मी पुन्हा एप्रन बांधला नाही. लोक म्हणाले माज आहे. मी म्हटलं, म्हणू देत, तेवढंच बरं." तिने नाक शालीच्या टोकाला पुसलं. "तू भित्रा नव्हतास. तुला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. चुकले मी. यायचं असेल तर चल. नसेल यायचं तर तेही तुझं बरोबर आहे. पण मी परत आले, तेवढं बघ."

काही झालं नाही. गवत हलत होतं, ते आधीपासूनच हलत होतं. दूर कुठेतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजली.

मग अधिकारी दारापासून निघाला, अडसराजवळ आला. टोपी काढून काखेत धरली. त्याने अडसराचं दुसरं टोक दाबलं, दांडी हळूहळू वर गेली. पलीकडून कुठली गाडी आली नव्हती, कुणी माणूस उभा नव्हता. नुसता रस्ता होता. एका माणसाला चालत यायला लागतो तेवढा वेळ त्याने दांडी तशीच वर धरली, मग खाली घेतली आणि खोलीकडे परत गेला. लाझ्वानेकडे त्याने बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर सबेलोने मधला पट्टा पुन्हा लावला. किल्ली फिरवली नाही.

"मला वाटायचं, शेळ्यांमुळे," तो म्हणाला.

लाझ्वानेने मान वळवली.

"आदल्या दिवशी माझ्याकडून दोन शेळ्या हरवल्या होत्या. बाबा काही बोलले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी उठलो तर ते गेलेले. मला वाटायचं, रागावून गेले. सकाळी शेळ्या गोठ्यात होत्या, म्हणजे रात्री बाबांनाच त्या शोधाव्या लागल्या, असं वाटायचं." तो काचेकडे बघत होता. "आत्तापर्यंत वाटायचं."

लाझ्वानेचं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगा हातभर अंतरावर होता. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून हातभर अंतरावरच होता, आणि हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं. आता बोलायचं तर पुन्हा तोच गुन्हा. तिने फांदी दोन्ही हातांनी धरली.

"मावुसो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सबेलोने कधी ऐकला नव्हता असा निघाला, "तुझ्या मुलाला सांग. शेळ्यांचं काही नव्हतं. दोन्ही शेळ्या रात्री आपल्या आपण परत आल्या होत्या, तूच त्यांना आत घातलंस आणि म्हणालास, पोराला ओरडू नकोस. सांग त्याला, मावुसो. त्याला सांग की मी हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं."

सबेलोने किल्ली फिरवली.

ओढा आला. "पूल आहे, मावुसो. लाकडी आहे, आवाज करतो, घाबरू नकोस," असं म्हणून तिने जीभ चावली. "घाबरलास तरी चालेल. मीही घाबरते."

पिग्स पीक गाव मागे पडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ह्या वाटेवर तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. गिअरबद्दल बोलली नाही. सुनेचं मीठ विसरली. फक्त वळणं सांगितली, एकही न चुकवता. नदी सांगितली, शाळा सांगितली, जिथे पूर्वी मोठं झाड होतं आणि आता नाही ती जागा सांगितली.

घराच्या वाटेला लागताच हेझेकिएल दिसला. अंगणात खुर्ची टाकून बसला होता, काठी मांडीवर. पिकअप बघितली आणि तो उठला. काठी खाली पडली, ती त्याने उचललीही नाही. अंगण ओलांडून, चिखल, कोंबड्या, काही न बघता तो धावत फाटकापर्यंत आला. सत्तरीचा म्हातारा, पण पाय कुठे अडखळला नाही.

लाझ्वानेने गाडीतून त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. एक बघितला, मग दुसरा. मग तिने वर त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याने डोळे खाली घेतले.

"आला का तो?" हेझेकिएलने सबेलोला विचारलं.

सबेलोने मान हलवली. हो की नाही ते कळण्यासारखं नव्हतं.

लाझ्वाने फांदी घेऊन उतरली. हेझेकिएल पुढे झाला आणि फांदीचं दुसरं टोक त्याने धरलं, काट्यांसकट, उघड्या हाताने. अशी दोघांनी ती अंगणातून नेली. पूर्वजांच्या झोपडीचं, जिला घरात आजीची झोपडी म्हणत, दार बुटकं, दोघंही वाकले. आत मागच्या भिंतीशी, जिथे पूर्वज बसतात तिथे, फांदी चटईवर ठेवली. लाझ्वाने म्हणाली, "मावुसो, घर," आणि काम झालं.

आता ती बोलू शकत होती. दारात सून उभी होती, नातवंडं होती, शेजारच्या दोन बायका होत्या. सगळे वाट बघत होते. इतक्या तासांचं तुंबलेलं आज कुणावर फुटणार, एवढाच प्रश्न होता.

"बोल, लाझ्वाने," हेझेकिएल म्हणाला. त्याच्या तळहातावर रक्ताचे बारीक ठिपके होते. "गुडघ्याबद्दल बोल. बोल काय बोलायचं ते."

लाझ्वानेने त्याच्याकडे बघितलं. तिच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि चांगलं धारदार होतं.

"तू पण दमला असशील," ती म्हणाली. "बस."

मग ती सुनेकडे वळली.

"तुझा एप्रन दे जरा."

सुनेला ऐकलेलं खरं वाटेना. तिने घाईघाईने तो सोडून पुढे केला. चुलीवर मक्याची उकड शिजत होती, शेळी कापायची होती. पहिलं वाढप आत चटईपाशी न्यायचं होतं, आणि ते नेणाऱ्या बाईने नीट, घरातल्या बाईसारखं जायला हवं. लाझ्वानेने एप्रन कमरेला लावला. नाड्या मागे नेल्या. पण बोटं काट्यांनी सुजली होती. गाठ दोनदा सुटली.

तिने सबेलोकडे पाठ केली. सबेलोने वाकून गाठ मारली, आणि ओढून बघितली, घट्ट बसली आहे ना ते.